हात तेवढा झोपेल

अमरावती,
मंगळवार, २ डिसेंबर

मोठ्याई,

पत्र लिहायचं मी दोन दिवाळ्या टाळलं. आधीच कबूल करते, म्हणजे तुला ते म्हणावं लागणार नाही. सुरुवातीला पेन नव्हता. पेन मिळाला तेव्हा मी परतवाड्याला जीपवर तिकिटं फाडत होते, आणि मेळघाटच्या वळणांवर कोणाचं अक्षर जागेवर राहतं? मग धामणगावला जिनिंगमध्ये, तिथं नाकातोंडात रुई. मग अकोला. अकोल्यात तर लिहिणं हेच पोटाचं काम झालं. रेडियमच्या दुकानात होते, ट्रकच्या काचेवर अक्षरं कापून चिकटवायची. लोकांनी आई लिहून घेतलं, बाबा लिहून घेतलं, एकानं म्हशीचं नाव लिहून घेतलं. 'मोठ्याई' कोणी लिहून घेतलं नाही. घेतलं असतं तर मला तेव्हाच तुझी आठवण येऊन पत्र सुचलं असतं, असं मी स्वतःला सांगते.

सीमावहिनी, हे तुम्ही मोठ्याईला वाचून दाखवणार, म्हणून एक सांगून ठेवते. मी जिथं 'तुला' लिहिलंय तिथं 'तुले' वाचा. शाळेत पत्र असंच लिहायला शिकवलं, त्याला माझा इलाज नाही. जसंच्या तसं वाचाल तर सासूबाईंना वाटेल पुण्याहून नोटीस आली. आणि ओळी तिरप्या वर चढताहेत तिकडे बघू नका. कागद सरकतो.

तर काल भाजीबाजारात आपल्या गावची भाजी घेऊन आलेला देवानंद भेटला. आपला टेम्पो मी लांबूनच ओळखला, मागच्या फळीवरचं कमळ मीच काढलेलं, आता त्याचं वांगं झालंय. देवानंद क्रेट उतरवत उतरवत सांगत होता. संत्र्याच्या बागेत ड्रिपच्या नळीत पाय अडकून तू पडलीस. उजव्या हातावर. मनगट पळीसारखं वाकलंय, असं तो म्हणाला. तू स्वतःच डाव्या हातानं आणि दातानं कामट्या बांधल्यास, लेप लावलास आणि कोणाला हात लावू देत नाहीस. दादानं दवाखान्याचं नाव काढलं तर तू ताट सरकवलंस.

का सरकवलंस ते मला माहीत आहे. मोठेबाबा हर्नियाच्या ऑपरेशनला हसत गेले होते, जाताना मला गुडदाणी आणतो म्हणाले होते. भूल दिली आणि उठलेच नाहीत. त्यांच्या फोटोसमोर तू आम्हा सगळ्यांना उभं केलंस, की या घरातलं कोणी कधी भूल घेणार नाही. मी एवढीशी होते, तरी मीही मान डोलावली.

पण मोठ्याई, तो तुझा उजवा हात आहे. चांदूर बाजारच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक त्या हातासाठी येतात. वाकडा जुळला तर भाकरी थापशील, वांगी तोडशील, पण कोणाचं हाड धरता येणार नाही. हे मी तुला सांगू? तूच पेशंटला सांगायचीस की हाड ओलं आहे तोवर या, मग रडत येऊ नका.

म्हणून ऐक. अकोल्यात मी एक गोष्ट पाहिली आणि तेव्हापासून मला कोणाला तरी सांगायची आहे, आणि ती कळेल अशी बाई जगात एकच आहे.

आमच्याच दुकानातली एक मुलगी ट्रकच्या बोनेटवर चढून काचेवर रेडियम लावत होती. समोरून वरात निघाली. नवरदेवाची घोडी बँडच्या तालावर मागच्या मागं चालत होती आणि तिच्या शेपटीला चमकी लावलेली. मुलीनं ते नीट बघायला दोन पावलं मागं घेतली आणि बोनेट संपलं. डावं मनगट. तुझ्यासारखंच, पळी.

मालकानं दवाखान्यात नेलं. तिथं पुरी भूल दिलीच नाही. एका डॉक्टरनं चाकाच्या गाड्यावरचं टीव्हीसारखं मशीन आणलं, सोनोग्राफीचं. गळ्याच्या हाडाच्या वर गार गार चिकट काहीतरी लावलं आणि त्यावर दाढीच्या वस्तऱ्याएवढी मशीनची मूठ फिरवली. मशीनवर आधी नुसते ढग. मग त्यात एक काळं गोल दिसलं, धडधड करणारं, ती रक्ताची नळी. आणि तिला चिकटून दाण्यांचा झुबका, ज्वारीचं कणीस आडवं कापलं तर दिसेल तसा. डॉक्टर म्हणाले, हाताची सगळी दुखणी याच वाटेनं वर जातात. हीच वाट थोडा वेळ बंद करायची.

मग सुई. मोठ्याई, सुई आत गेली ती मशीनवर दिसते. पांढऱ्या धाग्यासारखी, कुठवर आली, कुठं थांबली, सगळं. आंधळा कारभार नाही. आणि औषध सोडलं ते बघून मला आपली बागच आठवली. संत्र्याला आपण दुहेरी आळं करतो ना, पाणी बुंध्याला लागू द्यायचं नाही, भोवतीनं फिरवायचं, नाहीतर झाडाला डिंक सुटतो. अगदी तसंच. औषध त्या कणसात घुसवायचं नाही, भोवतीनं फिरवायचं. काळं पाणी झुबक्याच्या कडेकडेनं पसरलं आणि झुबका मधोमध तरंगायला लागला. मी पाहिलं.

थोड्या वेळानं हात गरम झाला, मग जड, मग परका. मुलगी सिस्टरला म्हणाली, माझ्या पोटावर हा कोणाचा हात ठेवलाय, उचला. सिस्टर म्हणाली, तुमचाच आहे. तिला पटेना.

मग एकानं कोपर धरलं, दुसऱ्यानं अंगठा आणि बोटं धरून ओढलं. टक् आवाज आला. मुलगी डोळे उघडे ठेवून बघत होती आणि त्यांना घोडीची गोष्ट सांगत होती.

फक्त हात झोपतो, मोठ्याई. माणूस जागं राहतं.

मी वर्षालीच्या खोलीवर आहे, राजापेठला, जिनिंगमधली माझी मैत्रीण. अमरावतीत हे कोण करतं ते मी शोधते. देवानंदचा टेम्पो रिकामे क्रेट घेऊन परत निघतो, त्याच्याच हाती पत्र देते. तुझं उत्तरही त्याच्याच तोंडी पाठव. रागाचं असलं तरी पाठव.

तुझी
अपेक्षा


अमरावती,
गुरुवार, ४ डिसेंबर

मोठ्याई,

आज देवानंद माझ्याकडे न बघता बोलला. पिशवी पुढे केली, त्यात डिंकाचे लाडू. मी म्हटलं, एवढे? तो म्हणाला, या दिवसांत खाल्ले पाहिजेत. मी म्हटलं, कोणत्या दिवसांत. तर तो वांग्यांशी बोलायला लागला.

सीमावहिनी, लाडू छान होते, वर्षालीनं आणि मी संपवले. पण मला दिवस गेलेले नाहीत. त्या मुलीलाही गेलेले नाहीत. सोनोग्राफी म्हटलं की आपल्या आळीला एकच गोष्ट सुचते. मशीन गळ्यावर लावलं असं मी स्पष्ट लिहिलं होतं. आता कृपा करून आळीत सांगा, नाहीतर गावात पाऊल ठेवेन तेव्हा ओटी भरायला बाया उभ्या असतील.

एवढ्या गोंधळातही मोठ्याई, तू कामाचाच प्रश्न पाठवलास. देवानंदनं तुझा आवाज काढून सांगितला. तो वाईट नकला करतो, पण हा मला बरोबर ऐकू आला.

"दुसरी ओरड आली नाई, तं हाड बसलं हे कायनं कळते?"

मी तिथंच बाजारात उभी राहून हसले. कारण हाच प्रश्न अकोल्यात माझ्याही डोक्यात आला होता. ते टक् झाल्यावर मी वाट बघत होते, आता कोण ओरडेल.

मला तूच शिकवलंस. पेशंटला सासूचं नाव विचारायचं, तो सांगायला तोंड उघडतो तेवढ्यात ओढायचं. पहिली ओरड हाड जागेवरून सुटल्याची. ती उंच असते. मग बोटांनी चाचपत न्यायचं, आणि दुसरी ओरड येते ती बसल्याची, ती आखूड, मध्येच तुटल्यासारखी. तू डोळे मिटून ऐकायचीस. मी कोपर धरून उभी. तू ऐकून सोडून द्यायचीस, माझ्या कानात ती राहायची. मी म्हटलं होतं, मला हे नंतरही ऐकू येतं. तू म्हणालीस, मंग कान घेऊन जाय दुसरीकडे. मी गेले. तू ते रागानं म्हणालीस की खरंच सांगत होतीस, हे मला परतवाड्यालाही कळलं नाही, अकोल्यालाही नाही.

असो, भरकटले. तुझा प्रश्न घेऊन मी आजच डॉक्टरकडे गेले.

पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, सोनोग्राफी लावून करतात ते करायचंय. त्यांनी आवाज खाली केला, नवऱ्याचं नाव विचारलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं, की इथं मुलगा-मुलगी सांगत नाही. मी म्हटलं, मनगट आहे हो, मनगट. त्या म्हणाल्या, कोणाचं. मी म्हटलं, मोठ्या आईचं. त्यांनी पुढच्याला बोलावलं.

दुसऱ्या ठिकाणी मात्र गीतांजली डॉक्टर भेटल्या. भूलतज्ज्ञ. भूल या शब्दाला घाबरू नकोस, मीही घाबरले होते, पण बाई बघशील तर आपल्या शाळेतल्या बालवाडीच्या बाईंसारख्या, स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर. मी तुझा प्रश्न तसाच्या तसा विचारला. मला वाटलं हसतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दुसरी ओरड कशी असते ते मला करून दाखवायला लावलं. मी तिथं ओपीडीत दोनदा ओरडले. बाहेरची रांग थोडी कमी झाली.

मग त्या म्हणाल्या, तुमच्या मोठ्या आई ऐकून काम करतात, आम्ही पाहून करतो. माणसाला दुखलं की तो दंडापासून सगळं आखडून धरतो, म्हणून हाडवैद्याला जोर लावावा लागतो आणि म्हणून तो आणखी ओरडतो. वाट बंद केली की आखडणं सुटतं. हात ओल्या दोरीसारखा होतो. कमी ओढून चालतं. आणि बसलं की नाही ते बघायला तेच मशीन मनगटावर लावायचं. हाडाची कड मशीनवर पांढरी रेघ दिसते. मोडलेली असते तेव्हा त्या रेघेला पायरी पडलेली असते, बसली की रेघ सरळ. शेवटी एक्स-रे काढून पुन्हा खात्री.

पायरी, मोठ्याई. तू बोटानं चाचपून हाच शब्द म्हणतेस. मला उठून तिथंच नाचावंसं वाटलं, पण त्यांच्याकडे पेशंट होते.

त्यांनी गोड गोड नाही सांगितलं. क्वचित औषध अर्धंच लागतं, मग वरून थोडं द्यावं लागतं. छातीचा फुगा, म्हणजे फुप्फुस, तिथून जवळ असतो, म्हणूनच बघत बघत सुई घालायची. हृदयाचं काही आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, ते आधी विचारतील. बोटाला चिमटा लावून नाडी बघत बसतील. मी मोठेबाबांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी तिथं नव्हते, काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण त्यांना भीती वाटते हे बरोबरच आहे, त्यांना इथं येऊन मला काहीही विचारू द्या.

आणि एक म्हणाल्या, ते मी शेवटी लिहिते कारण मला ते लिहायचं नव्हतं. पुढच्या आठवड्याच्या आत आणा. नंतर हाड वाकडं धरायला लागतं. मग ते पुन्हा मोडून आत धातूची पट्टी टाकावी लागेल, आणि ते मोठं ऑपरेशन.

ये ना.

अपेक्षा


अमरावती,
शनिवार, ६ डिसेंबर

मोठ्याई,

देवानंदनं तुझा निरोप सांगितला आणि आज नक्कल केली नाही.

"आइकलेल्या गोष्टीवर मी हात देत नाई. ती पोरगी कोण? तिले घेऊन ये मनाव. तिचा हात मी पाहीन."

ती पोरगी मी आहे.

सीमावहिनी, इथं थांबू नका, पुढचं पण वाचा. थांबलात तर मोठ्याई तुमच्याकडे बघेल आणि तुम्ही रडाल.

बोनेटवरून मी पडले. घोडी मीच बघत होते, आणि तू म्हणशील की हिचं लक्ष कधी ठिकाणावर होतं. ओळी वर चढतात कारण डावा हात प्लास्टरमध्ये आहे, कागद धरायला कोणी नाही. वर्षाली कामावर गेली की मी त्यावर वाटी ठेवते, वाटीपण सरकते. देवानंदला मी शाल पांघरून भेटले, तरी त्याला दिसलंच. त्याला मी शपथ घातली होती की सांगितलंस तर टेम्पोवरचं कमळ पुन्हा रंगवून देणार नाही. त्यानं पाळली. त्याला काही म्हणू नकोस.

का लपवलं? तुझ्या, माणिकबाईच्या घरची पोरगी हाड बसवायला दवाखान्यात गेली, हे आळीत फिरलं असतं. तुझ्याकडे येणारे लोक तुझ्या दारात ते बोलले असते. आणि दुसरं म्हणजे मी मान डोलावली होती ना, फोटोसमोर.

अकोल्यात मी आधी नाहीच म्हटलं होतं. हात भाकरीसारखा फुगत चालला होता आणि मी बाकावर बसून म्हणत होते की आमच्या घरी भूल चालत नाही. मालक वैतागून चहा प्यायला गेला. मला वाटलं होतं की चांदूर बाजारची गाडी पकडावी आणि तुझ्या दारात येऊन हात पुढे करावा. खरंच उठलेही होते. पण तू म्हणाली होतीस कान घेऊन जा, मग हात घेऊन कसं यायचं, असं वाटून पुन्हा बसले. तेवढ्यात त्या डॉक्टरनं मला विचारलं, नेमकी कशाची भीती आहे. मी म्हटलं, उठले नाही तर? ते म्हणाले, तुम्ही झोपणारच नाही, तर उठण्याचा प्रश्न कुठं आहे, हात तेवढा झोपेल.

ते ओढत होते तेव्हा मी घोडीची गोष्ट सांगत होते हे खरं. पण टक् झाल्यावर मला रडू फुटलं. दुखलं म्हणून नाही, काहीच दुखलं नाही. मी किती लोकांची कोपरं धरली, मोठ्याई. गंगूबाईचं धरलं होतं, तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला होता, खूण अजून आहे. त्या सगळ्यांच्या वेळी हे मशीन असतं तर तू पण थकली नसतीस. ओरड ऐकून झाल्यावर तू मागच्या अंगणात जाऊन एकटी बसायचीस, ते मी बघायची. तू म्हणायचीस तंबाखू खायला जाते.

तू हात पाहीन म्हणालीस, म्हणून खरं खरं. हात बराच वेळ झोपलेला होता. झोळीतून निसटून एकदा माझ्याच तोंडावर पडला, मी त्याला शिवी दिली. नंतर मुंग्या आल्या आणि औषध उतरल्यावर चांगलाच ठणकला, गोळी घ्यावी लागली. आता ठणकत नाही. बोटं हलतात, पाचही.

मी आले असते तुला दाखवायला, पण मी आले तर तुला इथं यायला निमित्त उरणार नाही. म्हणून मी येत नाही. हे मी मुद्दाम सांगते, लपवाछपवी संपली.

गीतांजली डॉक्टर बुधवारपर्यंत आहेत, मग त्या लग्नाला नागपूरला जातात.

अपेक्षा


अमरावती, भाजीबाजार,
मंगळवार, ९ डिसेंबर

मोठ्याई,

काल देवानंद आला तो हात हलवत. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, काही नाही. सीमावहिनीनं पुरं वाचलं, मोठ्याई उठली आणि बागेत गेली. बस्स. जेवली का? जेवली. डाव्या हातानं.

म्हणजे तू रागावलीस. ठीक आहे. मी हे रिकाम्या क्रेटवर बसून लिहितेय, टेम्पोची वाट बघत, बाजूला मेथीवाली बाई माझ्या ओळी बघून हसतेय. तिलाही सांगितलं, कागद सरकतो. तिनं लगेच मेथीची एक जुडी उचलून कागदावर ठेवली. हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं. बघ, ओळ सरळ झाली.

मी ठरवलंय की आज तू नाही म्हणालीस तर मी उद्या गावी येते. निमित्त गेलं खड्ड्यात. तुझ्याशी भांडायला येते. मी तुझ्या अंगणात बसून दुसरी ओरड ओरडत राहीन, आळी जमेल, मग तू काय करशील? तुझा हात वाकडा जुळला आणि मी इथं मेथीच्या जुडीनं ओळी सरळ करत बसले, तर मला तो हात आयुष्यभर दिसत राहील. ऐकू येणारं मी सोडून जाऊ शकले, दिसणारं कसं सोडू?

मेथीवाली विचारतेय, कोणाला एवढं लिहून राहिली. मी म्हटलं, माझ्या मोठ्या आईला. ती म्हणाली, फोन कर ना. मी म्हटलं, ती फोन कानाला लावत नाही, म्हणते त्यात माणसाचं तोंड दिसत नाही. मेथीवाली म्हणाली, बरोबर हाय तिचं.

टेम्पो आला वाटतं. हॉर्न त्याचाच. थांब.

सीमावहिनी,

इथून पुढचं तुमच्यासाठी. मोठ्यानं वाचायची गरज नाही, कारण जिला वाचून दाखवायचं ती माझ्या शेजारच्या क्रेटवर बसली आहे.

तुम्ही सकाळपासून शोधत असाल. दादाला सांगा विहिरीत बघू नका. ती देवानंदच्या शेजारी केबिनमध्ये बसून आली, कोणाला न सांगता, फुलकोबीच्या क्रेटमागं लपून. देवानंद म्हणतो, मी हॉर्न वाजवून वहिनीला बोलावणार होतो, तर तिनं डाव्या हातानं माझा हात धरला. तिच्या डाव्या हातातही जोर आहे असं तो म्हणाला आणि मनगट चोळत होता.

ती उतरली, माझ्याकडे बघितलं आणि दोन वर्षांनी पहिलं वाक्य हे.

"मी माह्या हातासाठी नाई आली. तुह्या हाताले पाह्यले आली. दाखव."

मी शाल काढली. तिनं प्लास्टरवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कलिंगड बघतात तसं. मग माझी बोटं एकेक वाकवून बघितली, नखं दाबून लाली परत येते का बघितलं. म्हणाली, आतमधी काय केलं हे मी या मातीतून कशी पाहू? मी पिशवीतून एक्स-रे काढला. तिनं तो उन्हाकडे धरला. वहिनी, सगळा बाजार चालू होता, टोमॅटोचा लिलाव, शिव्या, हमालांची ये-जा, आणि ती तशीच उभी, एका हातानं माझं हाड सूर्यासमोर धरून. मेथीवालीही उठून बघायला आली. मोठ्याईनं तिला रेघ दाखवली, पायरी कुठं असायला हवी होती ते सांगितलं.

मग म्हणाली, बसलं हाय. आणि थोड्या वेळानं, चांगलं बसलं हाय. ओढलं कोणं? मी डॉक्टरचं नाव सांगितलं, तिनं मान डोलावली, कोणाचा तरी मुलगा पास झाल्यावर डोलावतात तशी.

"नं दुसरी ओरड नाई आली?"

मी म्हटलं, नाही. पहिलीपण नाही.

ती क्रेटवर बसली. एक्स-रे मांडीवर ठेवला. मग ती मोठेबाबांचं नाव न घेता म्हणाली की ते जाताना तिनं त्यांना दारातून बघितलं, आत काय चाललं ते तिला कोणी बघू दिलं नाही, आणि न बघता माणूस गेलं ते तिला अजून पटत नाही. एवढंच म्हणाली. मेथीवालीनं तिला पाणी दिलं.

मी तिचा उजवा हात आत्ता पहिल्यांदा नीट बघितला. कामट्यांच्या खालून बोटं सुजलेली, निळी. कामट्यांची गाठ दातानं मारलेली, ओल्या सुतळीची, सुकून दगड झालीय. मी सोडायला गेले तर म्हणाली, इथं नाई, डॉक्टरीणसमोर सोडू, तिलेही पाहू दे कशी बांधली. तुह्या उजव्या नं माह्या डाव्या हातानं सुटन. दोघींत मिळून एक माणूस पुरा होते.

गीतांजली डॉक्टरांना मी देवानंदच्या फोनवरून सांगितलं. त्या म्हणाल्या, लगेच आणा, काही खाल्लं असेल तर ते पण सांगा. तिनं पहाटे डिंकाचा लाडू खाल्लाय, वहिनी, तुमचाच, माझ्या नावानं केलेला.

आता आम्ही निघतोय. देवानंद घाई करतोय, क्रेट चढवले. ऑटो थांबलाय, आणि मोठ्याई आत बसलीपण आहे. ऑटोवाल्याला विचारतेय, त्याचा खांदा कधी मोडला होता आणि कोणत्या गाढवानं बसवला. मला हाक मारून म्हणतेय, सीमाले लिहून टाक, वांग्याले पाणी द्यायचं हाय, मी संध्याकाळी येतो. आणि डॉक्टरीणले जाऊन पहिले एवढंच सांगजो, मनते, हात झोपवजा, पण माह्यं तोंड तिकडे फिरवजा नका.

"मले पाह्यचं हाय."

अपेक्षा